मदत हवी आहे: कॉलेज बंद झाल्यावर जनरल रजिस्टर कोणाकडे जातं?

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातलं विनाअनुदानित बी.कॉम. कॉलेज टप्प्याटप्प्याने बंद होतंय. यंदा प्रथम वर्षाला प्रवेश नाहीत. दुसरं-तिसरं वर्ष इथेच पूर्ण होईल. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार शासनाच्या परवानगीशिवाय संस्थेला परस्पर कुलूप लावता येत नाही, हे माहीत आहे. पदवी विद्यापीठाची, तिची काळजी नाही.

घोडं अडतंय ते दप्तरापाशी. एल.सी.ची (कॉलेज सोडल्याच्या दाखल्याची) दुय्यम प्रत जनरल रजिस्टरमधली, म्हणजे प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या नोंदवहीतली, नोंद बघूनच निघते, आणि जुन्या रजिस्टरांची शिवण सुटलीय, कडेचे रकाने फाटलेत. ती विद्यापीठ ताब्यात घेतं की संस्थेचं दुसरं कॉलेज? हस्तांतराची पानांच्या संख्येसकट सहीशिक्क्याची यादी माजी विद्यार्थ्यांना मागता येते का? निदान स्कॅन तरी आत्ताच करून घ्यावं म्हणतो.

दुसरं, एटीकेटीवाले, म्हणजे काही विषय राहिलेले विद्यार्थी. परीक्षा अर्ज कॉलेजच्या लॉगिनमधून पुढे जातो. ते बंद पडल्यावर या विद्यार्थ्यांना कोणत्या केंद्राला जोडतात? महाडीबीटीचे (सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचे) अर्जही कॉलेजच्या पडताळणीवरच अडकतात.

ग्रंथालयाची अनामत पावती हरवली असेल तर खतावणीतली नोंद चालते का? असं कॉलेज बंद होताना कोणी कागद हाताळले असतील तर अर्ज विद्यापीठाच्या कुलसचिवांकडे करायचा की उच्च शिक्षण सहसंचालकांकडे, तेवढं नक्की सांगा.