पाड्यापर्यंत ब्रॉडबँड कसे न्यावे?

प्रश्न : धडगाव तालुक्यातील आमच्या ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची (गावोगावी ब्रॉडबँड नेणारी केंद्र सरकारची योजना) फायबर आली आहे, मात्र मधली जमीन वनखात्याची असल्याचे सांगून कंपनी पाड्यावर जोडणी नाकारते. मार्ग कोणता?

उत्तर १ : वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये दूरसंचार वाहिन्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागत असेल आणि हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तुटत नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवरून ती वनजमीन या कामासाठी वळवता येते. कंपनीच्या भरवशावर न राहता ठराव आधी करावा.

उत्तर २ : विजेचे खांब असल्यास त्यांवरून केबल नेण्याची परवानगीही मागावी, खोदकाम वाचते. घरातील इंटरनेटच्या यंत्राला वीज लागते, म्हणून बॅटरीची सोय हवीच.

प्रश्नकर्ता : खांब आहेत. ठरावात दोन्ही पर्याय एकत्र मांडले तर चालतील का?

उत्तर १ : चालतील, परंतु अर्ज स्वतंत्र करावेत.