साइट तुमची, लिहिणारे अनेक

शिक्षकांनी एकमेकांकडून शिकावं म्हणून स्वतःची साइट काढायची, ही तुमची कल्पना मनापासून आवडली. इतरांना फक्त वाचू द्यावं की लिहूही द्यावं, असं तुम्ही विचारलंय. जरूर लिहू द्या! वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये केलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचताही येई आणि बदलताही. पुढे लोकप्रिय झालेल्या ब्राउझरांत ही सोय गळाली. प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांच्या विकीने, म्हणजे वाचणाऱ्यालाही पान बदलता येईल अशा साइटने, १९९५ मध्ये ती पुन्हा आणली. कुणी पान बिघडवेल ही भीती नको; आजच्या विकींत जुन्या आवृत्त्या जपलेल्या असतात, हवं तेव्हा मागे जाता येतं.

एक मात्र सुरुवातीलाच पक्कं करा: सगळा मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक असतो त्या पद्धतीत. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधल्या नोट्स जशाच्या तशा चिकटवल्या, की दुसऱ्याच्या मोबाइलवर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते आणि ‘अपूर्णांक’ शोधणाऱ्याला तुमचं पान सापडतच नाही. एखाद्या बाई भाकरीचे तुकडे करून पाव आणि अर्धा शिकवत असतील, तर त्यांच्याकडून वहीचा फोटो न घेता चार ओळी टाइप करून घ्या. मुलांनी कुठे गोंधळ केला तेही लिहायला सांगा, खरं शिकणं तिथेच आहे.

आणि मजकूर इतरांनी कोणत्या अटींवर वापरायचा, तो परवाना पानाखाली स्पष्ट लिहा. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुले परवाने तयार करणाऱ्या संस्थेचा ‘श्रेय द्या, त्याच अटींवर वाटा’ हा विकिपीडिया वापरतो तोच परवाना घ्या, म्हणजे परभणीतला शिक्षकही तुमचा पाठ बिनधास्त बदलून वर्गात वापरेल.