'आततायी' म्हणजे अंगावर येणारा की डोकं गरम असलेला?

सीताबर्डीकर
आपल्या नागपुरात टपरीवर हिंदी आणि मराठी दोन्ही पेपर पडलेले असतात. हिंदीत 'आततायी' वाचलं की गुंड, जुलमी माणूस डोळ्यांपुढे येतो. मराठीत 'आततायी निर्णय' म्हटलं की आगापिछा न पाहता घेतलेला निर्णय. मी मुलींच्या स्वसंरक्षणावरची एक हिंदी पुस्तिका मराठीत आणतोय. त्यात 'आततायी का सामना' असं प्रकरण आहे. मराठीत 'आततायी माणसाचा सामना' लिहिलं तर तापट नवऱ्याला कसं सांभाळावं याचा सल्ला वाटेल! मूळ अर्थ कुठला?

महालातले गुरुजी
हिंदीने मूळ अर्थ धरून ठेवलाय. आतत म्हणजे ताणलेलं. धनुष्य ताणून जो चालून येतो तो आततायी. शुक्ल यजुर्वेदाच्या रुद्राध्यायात हे चक्क रुद्राचं विशेषण आहे, म्हणजे शब्द जन्मतः शिवी नव्हता. धर्मशास्त्रात त्याची यादी झाली. वसिष्ठ स्मृतीत श्लोक आहे:

अग्निदो गरदश्चैव शस्त्रपाणिर्धनापहः।
क्षेत्रदारापहर्ता च षडेते ह्याततायिनः॥

आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारलेला, धन लुबाडणारा, शेत बळकावणारा आणि बायको पळवणारा. मनुस्मृती तर म्हणते की असा माणूस गुरू असो, पोर असो की म्हातारा, चालून आला तर 'हन्यादेवाविचारयन्', विचार न करता मारावाच.

आता गंमत बघा. 'अविचारयन्' हे मारणाऱ्याबद्दल आहे, चालून येणाऱ्याबद्दल नाही. आणि आज मराठीत आपण नेमक्या त्या अविचारालाच आततायीपणा म्हणतो. शब्द हल्लेखोराला सोडून त्याला ठेचणाऱ्याच्या पाठीवर जाऊन बसला.

अर्थात त्या नियमाबद्दल तेव्हाही एकमत नव्हतं. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन म्हणतो, 'पापमेवाश्रयेदस्मान् हत्वैतानाततायिनः'. लाक्षागृहाची आग, भीमाला विष, द्यूतातली लूट, राज्य, द्रौपदी, आणि आता समोर शस्त्रं. कौरव यादीतले सगळे रकाने भरतात. तरी यांना मारून पापच लागेल असं त्याला वाटतं. मारायची मुभा आहे आणि तरी हात अडतो. माझ्या मते नीती सुरू होते ती इथे, यादीत नाही. कृष्णाने त्याला पुढे काय सांगितलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, तो वाद इथे नको.

कोर्टकचेरी
गुरुजी, तुमची यादी कायद्यात अजून जिवंत आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 96 ते 106 स्वसंरक्षणाची होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ती 34 ते 44 झाली. हल्लेखोराचा जीव गेला तरी चालेल असे प्रसंग कलम 38 मध्ये मोजून दिलेत, त्यातले मुख्य: जिवाची किंवा गंभीर दुखापतीची धास्ती, बलात्कार, अपहरण आणि जुन्या संहितेत 2013 मध्ये वाढवलेला ॲसिड हल्ला. मालमत्तेसाठी कलम 41, त्यात राहत्या घराला आग लावणाराही आहे. तुमचा 'अग्निद' दोन्ही याद्यांत हजर!

फरक आहे तो कलम 37 मध्ये. सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. 'अविचारयन्' तिथे रद्द. मात्र जिवावर बेतलेल्या माणसाने प्रत्येक घाव मोजून घातला का, हे न्यायालय सोन्याच्या काट्यावर तोलत बसत नाही.

नंदनवन
अजी वकीलसाहेब, 'वेळ असेल तर' हे पुस्तकात वाचाले लय सोपं हाय. आपल्याच शहरातलं पाहा ना. 13 ऑगस्ट 2004, जिल्हा न्यायालय. कस्तुरबानगरच्या बाया तिखट अन् चाकू घेऊन आल्या अन् ज्या गुंडानं वस्ती नासवली होती त्याले कोर्टातच संपवला. वेळ त् त्याईच्याजवळ होता ना, वर्षानुवर्षं होता. पण तक्रार करून करून थकलो, कोनी ऐकूनच नाही घेऊन राहिलं, असं त्याईचं म्हणनं होतं. 2014 मंदी आरोपी पुराव्याअभावी सुटले. आता सांगा, आततायी कोन? गुरुजीच्या हिशोबानं गुंड. आजच्या मराठीच्या हिशोबानं बाया. माह्या हिशोबानं जो तक्रार घ्याले बसला होता अन् घेतली नाही, त्याच्यासाठी अजून शब्दच नाही बनला.

कोर्टकचेरी
भाऊ, कायद्याने ते स्वसंरक्षण बसत नाही. माणूस पोलिसांच्या ताब्यात होता, त्या क्षणी कुणाच्या अंगावर येत नव्हता. पण तुमच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. कलम 37 अख्खं एका गृहीतावर उभं आहे, की हाक मारली तर यंत्रणा येते.

वर्धा रोडवरची ताई
त्याच गृहीताबद्दल बाबासाहेब संविधान सभेत बोलले होते, 25 नोव्हेंबर 1949 ला. घटनाबाह्य मार्ग सोडून द्या, ते अराजकाचं व्याकरण आहे, हे सगळे सांगतात. त्याच्या आधीचं वाक्य सहसा गाळतात. घटनात्मक मार्ग शिल्लकच नव्हते तेव्हा घटनाबाह्य मार्गांचं बरंचसं समर्थन होऊ शकत होतं, असं ते म्हणाले. अट दोन्ही बाजूंना लागू आहे. लोकांनी हात आवरायचा, आणि सरकारने दार उघडं ठेवायचं.

माणसाची नीती सुधारते का, हा खरा प्रश्न या सगळ्याच्या मागे आहे. त्याच्या वर्षभर आधी, 4 नोव्हेंबर 1948 ला, ते म्हणाले होते की घटनात्मक नीतिमत्ता ही नैसर्गिक भावना नाही, ती जोपासावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. जन्मतः येत नाही म्हणजे निराशा, शिकता येते म्हणजे आशा. मला दुसरा अर्धा भाग जास्त पटतो. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी पंचशील घेतलं, त्यातलं पहिलं नीट ऐका: 'पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि'. 'मारू नकोस' असा हुकूम नाही. जीव घेण्यापासून दूर राहण्याचा धडा मी घेतो, असं आहे. सिक्खापद म्हणजे शिकायचा पाठ. ज्याला शिकायचं आहे तो चुकणार, हे त्यात गृहीतच आहे.

उलट सरकारने आधी कायदा करायचा आणि नीती मागून यायची, असंही होतं. जातपंचायतीने दंड ठोकणं, वाळीत टाकणं हे कित्येकांना पापही वाटत नव्हतं. महाराष्ट्राने 2016 चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा केला तेव्हा कुठे तो गुन्हा ठरला. मनातून गेलं का? सगळ्यांच्या नाही. पण वाळीत टाकलेल्या घराला जायला एक दार तरी झालं.

महालातले गुरुजी
ताई, सिक्खापदाचं छान सांगितलंत. सीताबर्डीकरांसाठी एक जोड. 'अतिरेकी' हा शब्द बरोब्बर उलटा गेला. आधी कुठल्याही गोष्टीचा अतिरेक करणारा, आता बंदूकवाला. आततायी हल्लेखोराचा स्वभाव झाला, अतिरेकी स्वभावाचा हल्लेखोर झाला. आणि आततायी म्हणजे नुसता उतावळा नव्हे हं. उतावळा घाई करतो, आततायी घाईत काहीतरी मोडून ठेवतो. धनुष्य गेलं तरी ताण राहिलाच शब्दात.

सीताबर्डीकर
म्हणजे पुस्तिकेत 'आततायी' बाद. 'हल्लेखोर' करू?

नंदनवन
हल्लेखोर पेपरातला झाला, बापा. पोरीले 'अंगावर येणारा' म्हटलं की लगेच समजते.

सीताबर्डीकर
चालेल. वकीलसाहेब, कलम 37 चं सार दोन-तीन साध्या ओळींत द्याल? त्याच प्रकरणात टाकतो.

कोर्टकचेरी
जीव वाचवायला लागेल तेवढं करा. तो पळाला किंवा पडला की थांबा. 112 ला फोन लावा.

नंदनवन
अन् फोन लागला पन कोनी आलंच नाही त्?

कोर्टकचेरी
तो अजून अंगावर असेल तर पहिली ओळ चालूच आहे. नसेल तर जवळच्या कुठल्याही ठाण्यात जा. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. त्याची प्रत फुकट मिळते, ती हातात घेतल्याशिवाय उठू नका. ही ओळ ठळक छापा.