युक्रेनसाठी ‘कोरियाचा तोडगा’ हा खरोखर तोडगा आहे का?

कृष्णाकाठ (मूळ प्रश्न)

सप्रेम नमस्कार. युक्रेनच्या युद्धाचा विषय निघाला की एक सूचना वारंवार कानावर पडते. सैन्ये आज जिथे उभी आहेत तिथेच रेषा आखावी, सीमेचा वाद अनिर्णित ठेवावा आणि कोरियात झाला तसा युद्धविराम करून मोकळे व्हावे, अशी ती सूचना. २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम येथे सह्या झाल्या, शांततेचा तह आजतागायत झालेला नाही, तरीही सत्तर वर्षांहून अधिक काळ तिथे पुन्हा मोठे युद्ध पेटलेले नाही, हा तिचा मुख्य आधार.

मला ही सूचना झटकून टाकता येत नाही. रोज माणसे मरत असताना, ज्या उपायाने मरणे थांबेल त्याला नावे ठेवण्याचा अधिकार दूर बसलेल्या आपल्याला कितपत आहे, हा विचार मनात येतोच. पण युक्रेन हे मान्यताप्राप्त स्वतंत्र राष्ट्र आहे आणि २४ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याच्यावर थेट एका महासत्तेनेच अनेक बाजूंनी चाल केली, हे विसरून दोन्ही प्रकरणे एकाच मापाने मोजणे मला न्याय्य वाटत नाही. म्हणून जाणकारांना विचारतो की कोरियातील युद्धविराम नेमका कशाच्या बळावर टिकला आणि त्याची किंमत कोणी मोजली? पक्षाभिनिवेश बाजूला ठेवून लिहावे, ही विनंती.

जुनी पाने

आपला प्रश्न योग्य वेळी आला आहे. प्रथम रेषेविषयी लिहितो. १० ऑगस्ट १९४५च्या रात्री, जपानची शरणागती तोंडावर आली असताना, चार्ल्स बोनस्टील आणि डीन रस्क या दोन अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांना कोरियाची विभागणी सुचवण्यास सांगण्यात आले आणि हाताशी असलेल्या एका नकाशावर त्यांनी ३८ अंश अक्षवृत्त निवडले. सोल आपल्या बाजूला राहावे, एवढाच त्यांचा हिशेब होता. सोव्हिएत संघाने ते मान्य केले. कोरियातील एकाही माणसाला कोणी विचारले नाही. मात्र ‘महासत्तांनी दोघा भावांना लढवले’ एवढ्यावर थांबणेही चूक आहे, कारण २५ जून १९५० रोजी दक्षिणेवर चढाई करण्याचा आग्रह उत्तर कोरियाचे नेते किम इल-सुंग यांचा होता आणि स्टालिन यांनी त्याला संमती दिली, हे मॉस्कोतील कागदपत्रे खुली झाल्यावर स्पष्ट झाले आहे.

आता युद्धविरामाविषयी. वाटाघाटी १० जुलै १९५१ रोजी सुरू झाल्या आणि सह्या व्हायला दोन वर्षे लागली. रेषा कुठे असावी यावर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बहुतांशी एकमत झाले होते. पुढचे दीड वर्ष मुख्यतः अडले ते युद्धकैद्यांवरून. १९४९च्या जिनिव्हा करारानुसार लढाई थांबताच कैद्यांना मायदेशी पाठवायचे असते, पण हजारो चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी परत जायला तयार नव्हते आणि त्यांना जबरदस्तीने पाठवायला अमेरिका राजी नव्हती. त्या दीड वर्षात त्याच त्या टेकड्यांसाठी माणसे मरत राहिली. स्टालिन मार्च १९५३मध्ये वारले आणि त्यानंतर मार्ग मोकळा झाला.

तो टिकला कशाच्या बळावर? माझे स्पष्ट मत असे की तो कागदाच्या बळावर टिकलेला नाही. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी तर त्यावर सहीच केली नाही. त्यांना गप्प बसवले ते १ ऑक्टोबर १९५३ रोजी झालेल्या अमेरिकेबरोबरच्या परस्पर संरक्षण कराराने आणि तिथे कायम राहिलेल्या अमेरिकी फौजेने, जी आजही सुमारे २८,५०० इतकी आहे. उत्तरेत चिनी सैन्य १९५८पर्यंत होते. आता युक्रेनच्या पदरात काय होते ते पाहा. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट येथे अण्वस्त्रांच्या बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी आश्वासने दिली. पुढे २०१४ आणि २०१५ साली पूर्व युक्रेनमधील लढाई थांबवण्यासाठी मिन्स्क येथे समझोते झाले. या सगळ्यामागे एकही बटालियन उभी नव्हती. कोरियाचे उदाहरण देणाऱ्यांनी ते पूर्ण द्यावे, म्हणजे रेषेबरोबर तिच्यामागची फौजही मोजावी, असे मला वाटते.

दूरदेशी

मी नोकरीनिमित्त सहा वर्षे सोलमध्ये आहे. ‘जुनी पाने’ यांच्या विवेचनाशी सहमत आहे, पण किमतीविषयी थोडे लिहावेसे वाटते, कारण ती इथे डोळ्यांसमोर दिसते.

माझ्या एका सहकाऱ्याची आजी केसाँगची. हे शहर युद्धापूर्वी ३८ अंशाच्या दक्षिणेला, म्हणजे दक्षिण कोरियात होते. युद्धविरामाची रेषा पडली तेव्हा ते उत्तरेत गेले. ‘चार दिवसांत परत येऊ’ असे सांगून ही बाई धाकट्या भावाला घेऊन नदी ओलांडून आली आणि आईवडील मागेच राहिले. गेल्या वर्षी चुसॉकच्या सणाला हे कुटुंब मला सीमेजवळच्या इम्जिंगाक येथे घेऊन गेले. तिथे गोळ्यांनी चाळण झालेले एक गंजलेले रेल्वे इंजिन जपून ठेवले आहे, आणि जवळच उत्तरेकडे तोंड करून बांधलेला एक दगडी चौथरा आहे. आजींनी सोबत आणलेली फळे आणि भाताचे पदार्थ तिथे मांडले, दोनदा गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावले आणि मग बराच वेळ त्या कुंपणापलीकडे पाहत राहिल्या. त्यांचे गाव तिथून गाडीने अर्ध्या तासापेक्षा दूर नसावे. आपल्याकडे पितृपक्षात पान वाढून कावळ्याची वाट पाहतात ते मला त्या वेळी आठवले. फरक एवढाच की आईवडील कधी वारले हेच त्यांना ठाऊक नाही, त्यामुळे तिथीही नाही.

१९८३ साली इथल्या केबीएस दूरचित्रवाणीने हरवलेल्या नातलगांना शोधणारा कार्यक्रम सुरू केला. तो १३८ दिवस चालला आणि दहा हजारांवर कुटुंबे एकत्र आली, पण ती बहुतेक दक्षिणेतच विखुरलेली होती. रेषेपलीकडच्या नातलगांच्या भेटी २००० ते २०१८ या काळात २१ वेळा झाल्या, त्याही काही तासांच्या, आणि त्यानंतर एकही नाही. त्यासाठी नावे नोंदवलेल्यांपैकी बहुतेक जण आता हयात नाहीत.

युद्धविराम झाला नसता तर हा देश उभाच राहिला नसता, हेही मला मान्य आहे. तरीसुद्धा ‘सत्तर वर्षे शांतता’ हे शब्द उच्चारण्यापूर्वी त्या चौथऱ्यावर एकदा उभे राहून यावे असे मला मनापासून वाटते.

वारणेचा वाचक

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत. यात आपल्या लोकांनी बजावलेली कामगिरी सुटू नये म्हणून लिहितो.

कैद्यांचा जो पेच ‘जुनी पाने’ यांनी सांगितला, तो सोडवण्याचा आराखडा भारताचे प्रतिनिधी कृष्ण मेनन यांनी १९५२च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रसंघात मांडला. सोव्हिएत प्रतिनिधी विशिन्स्की यांनी त्यावर कडाडून टीका केली आणि चीननेही तो फेटाळला. पुढे तोडगा निघाला तो मात्र त्याच आराखड्याच्या जवळपास. परत जाण्यास नकार देणारे २२,०००हून अधिक कैदी तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे सोपवण्यात आले. आयोगाचे अध्यक्ष होते भारताचे जनरल थिमय्या आणि कैद्यांचा प्रत्यक्ष ताबा होता भारतीय दलाकडे, ज्याचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात.

सिंगमन री यांनी भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही, म्हणून त्यांना इंचॉनजवळच्या जहाजांवरून हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. उत्तरेकडचे म्हणत, तुम्ही अमेरिकेला सामील आहात; दक्षिणेकडचे म्हणत, तुम्ही कम्युनिस्टांचे हस्तक आहात. एकदा कैद्यांनी आपल्या एका मेजरला तारेच्या कुंपणात ओलीस धरले, तेव्हा थोरात स्वतः आत गेले, कैद्यांशी बोलत बसले आणि त्या मेजरची सुटका करून घेतली. शेवटी ज्या ८८ जणांना दोन्ही बाजू नको होत्या, त्यांना आपल्याच दलाबरोबर जहाजाने भारतात आणण्यात आले आणि त्यांच्यातले बरेच जण पुढे ब्राझील-अर्जेंटिनाकडे गेले.

हे लिहिण्याचे कारण असे की तटस्थपणाचा तो अर्थ वेगळा होता. युक्रेनवरील संयुक्त राष्ट्रसंघातल्या मतदानात भारताने अलिप्त राहणे हा मुत्सद्देगिरीचा भाग असू शकतो आणि त्यामागची आपली तेल-शस्त्रांची गरज मला समजते. पण १९५३ साली तटस्थ देशाने कुंपणात माणसे पाठवली आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. उद्या युक्रेनमध्ये खरोखर रेषा आखली गेली, तर तिच्यावर पहारा द्यायला, कैद्यांची अदलाबदल पाहायला कोणीतरी लागेलच. ते काम आपण मागून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

कृष्णाकाठ

सर्वांचा आभारी आहे. विचारताना माझे सारे लक्ष रेषेवर होते. आता ‘जुनी पाने’ यांचे ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचतो आहे की कोरियात रेषा नोव्हेंबर १९५१मध्येच जवळजवळ ठरली होती आणि दीड वर्ष अडले ते माणसांवरून. युक्रेनमधून रशियात नेलेल्या मुलांच्या प्रकरणी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने १७ मार्च २०२३ रोजी खुद्द पुतिन यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढले आहे. म्हणजे तिथेही हा प्रश्न उभा आहेच, आणि नकाशे घेऊन बसणाऱ्यांच्या बोलण्यात तो शेवटी येतो. ‘वारणेचा वाचक’ यांना एक विचारतो: १९५३च्या आयोगाला प्रौढ कैद्याला त्याची इच्छा विचारता आली. सात-आठ वर्षांच्या मुलाला, जो आपली भाषाही विसरू लागला असेल, ती कोणी आणि कशी विचारायची?