२१ मार्चला वर्गात मोज्यांपलीकडे काय करावं?

प्रश्न: तिसरीच्या वर्गात डाउन सिंड्रोम असलेली मुलगी आहे. २१ मार्चला, म्हणजे जागतिक डाउन सिंड्रोम दिनाला, रंगीबेरंगी मोजे घालतो. अजून काय करता येईल?

उत्तर १: आधी तारीख समजावा. डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राच्या (पेशीतल्या आनुवंशिक माहितीच्या धाग्याच्या) दोनऐवजी तीन प्रती, म्हणून २१/३. फळ्यावर जोड्या काढल्या की मुलांना पटकन कळतं. हा संसर्ग नाही, हेही स्पष्ट सांगा. मात्र तिला पुढे उभं करून उदाहरण देऊ नका. आईबाबांना विचारा, तिलाही विचारा.

उत्तर २: रोजचं जास्त महत्त्वाचं. या मुलांत कमी ऐकू येण्याचं प्रमाण जास्त, म्हणून पहिला बाक. एका वेळी एकच सूचना, सोबत चित्र. मग निदान दहा सेकंद थांबा. घाई इथेच होते: शिक्षक शब्द बदलून तेच पुन्हा सांगतात आणि मुलीला पहिल्यापासून विचार करावा लागतो.

उत्तर ३: पीटीच्या सरांनाही सांगा. मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असू शकतो, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउडी नको. पण म्हणून मैदानाबाहेर बसवायचं नाही! खेळात समान संधी देणं हे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार मान्यताप्राप्त शाळांवर बंधनकारक आहे.