मदत हवी आहे: ‘उजळणे’ची बोलण्यातली वाक्यं

नमस्कार मंडळी. सातवीच्या मुलांना ‘उजळणे’ शिकवायचंय. शब्दशः अर्थ सोपा: चिंच-मीठ लावून समई उजळली, सोनाराकडून पाटल्या उजळून आणल्या. रिठ्याच्या पाण्यात घासलेली चांदीची वाटी वर्गात दाखवणारच आहे, एक बाजू मुद्दाम काळी ठेवून.

लाक्षणिक अर्थाशी मात्र गाडी अडते. पाढ्यांची उजळणी, नशीब उजळलं, आठवणींना उजाळा, उजळ माथ्याने फिरणे, एवढं जमलं. पण ‘निबंध उजळला’ असं कुणी म्हणतं का? माझ्या कानाला खटकतं; तिथे आपण ‘शेवटचा हात फिरवला’ म्हणतो. (‘जिल्हई दिली’, म्हणजे चकाकी आणली, हे मुलांना कुठून कळणार!)

कोकणात, खानदेशात, विदर्भात वेगळे वापर असतील तर वाक्यासकट सांगा. पुस्तकी नकोत, घरात बोलतात तसे हवेत.