भरवसा, विश्वास की भाव? एका ओळीवर अडलेय

अर्धविराम:
मंडळी, मदत हवीय. नवीन वर्षात आमच्या छोट्या वाचनगटाने रोज थोडं बायबल वाचायचं ठरवलंय आणि त्यासाठीचं एक इंग्रजी टिपण मराठीत आणायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. त्यातल्या 'नीतिसूत्रे' या पुस्तकाचे अध्याय ३१, जानेवारीचे दिवस ३१, रोज एक, असा सोपा हिशेब. दोन दिवस बरे गेले, तीन तारखेला गाडी अडली. अध्याय ३, वचन ५. टिपणात तिथे 'ट्रस्ट' आहे आणि सगळं टिपणच त्या एका शब्दावर उभंय. मी 'देवावर विश्वास ठेवा' लिहून मोकळी झाले. मावशीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "विश्वास काय, भुतंही ठेवतात. भरवसा लिही." मग छापील मराठी उघडून बघितलं तर तिथे तिसरंच: 'तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस.' आता विश्वास, भरवसा आणि भाव यात नेमका फरक काय? की आपण उगाच कीस काढतोय?

बोरूबहाद्दर:
भरवसा नको. हिंदीतल्या भरोसाचा मराठी अवतार आहे तो. 'विश्वास' असा खणखणीत शब्द असताना उसनवारी कशाला?

काना_मात्रा:
बोरूबहाद्दर, असं ठोकून देण्याआधी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश तरी उघडायचा हो. १८५७च्या आवृत्तीत 'भरंवसा' आहे, वर अनुस्वारासकट. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर ते न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले म्हणून आज तो हिंदीसारखा दिसतो, एवढंच. आणि हिंदीशी नातं असलं म्हणून तो परका कसा झाला, बहिणी बहिणी आहेत त्या.

मावशींचं म्हणणं मात्र कुठून आलं ते सांगतो. बायबलमधलंच याकोबाचं पत्र, २:१९. एकच देव आहे असा विश्वास धरतोस ते बरं करतोस, पण 'भुतेही तसाच विश्वास धरतात व थरथर कापतात'. म्हणजे देव आहे हे मान्य असणं वेगळं आणि त्याच्यावर विसंबणं वेगळं. मावशी पक्क्या वाचक दिसतात.

सहज_सुचलं:
माझ्या मते भरवसा = भर + वसा. वसा म्हणजे व्रत, 'उतणार नाही मातणार नाही' वाला. भरून घेतलेला वसा. नवीन वर्षाचा वाचनाचा संकल्प हाही वसाच की! जमतंय ना?

काना_मात्रा:
जमतंय, फक्त खरं नाहीये.

सहज_सुचलं:
तुम्हाला कुठे माहितीय खरं काय ते?

जुनीवही:
व्युत्पत्ती राहू द्या, आपण बोलतो कसं ते बघा. लहानपणी बाबा शिडीवर चढायचे, मी खाली धरून उभी. वर जाता जाता म्हणायचे, "तुझ्या भरवशावर चढतोय हां." 'तुझ्यावर विश्वास ठेवून चढतोय' असं कधीच नाही म्हणाले. म्हणाले असते तर मला वाटलं असतं मी काहीतरी खोटं बोललेय. विश्वास माणसाच्या खरेपणावर असतो, भरवशावर मात्र आपण आपलं वजन टाकतो. विश्वासू माणूस गुपित फोडणार नाही, भरवशाचा माणूस सांगितल्या वेळी हजर असेल. दोन्ही गुण एकाच माणसात असतीलच असं नाही, माझा एक चुलतभाऊ अतिशय विश्वासू आहे आणि भरवशाचा अजिबात नाही.

बोरूबहाद्दर:
छान. आता हे सांगा, 'सगळं देवाच्या भरवशावर चाललंय' म्हटलं की तुम्हाला काय ऐकू येतं? कोणाचं लक्ष नाही, राम भरोसे कारभार, हेच ना? आणि भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो ते वेगळंच. ज्या शब्दाच्या गोठ्यात टोणगा बांधलाय तो शब्द टिपणात घालणार?

अर्धविराम:
अरे देवा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं 😅 पण मग विश्वासाच्या मागे विश्वासघात नाही का उभा?

टिंबटिंब:
भरवशाचा घात होत नाही, टोणगा होतो. नोंद घ्यावी.

काना_मात्रा:
मूळ हिब्रूत ३:५ला 'बाताख' धातू आहे, निर्धास्त असणं, विसंबणं या अर्थाचा. आपण ज्याचा 'विश्वास ठेवणे' करतो तो बहुतेक वेळा दुसरा धातू असतो, ज्यातून 'आमेन' आलंय, त्यात पक्कं, न डळमळणारं असा भाव आहे. आता बोरूबहाद्दरांना खूश करतो: बायबलच्याच 'शास्ते' पुस्तकात, अध्याय १८मध्ये, लइश गावचे लोक शांत, बेफिकीर राहत होते असं येतं, तिथेही हाच 'बाताख'. पुढे त्यांच्यावर हल्ला होऊन गाव जळतं. म्हणजे टोणगा हिब्रूतही आहे. शब्दात चांगलं-वाईट काही नसतं, विसंबलात कोणावर तेवढंच.

आणि वचनाचा दुसरा अर्धा भाग बघा, 'अवलंबून राहू नकोस'. तिथलं हिब्रू क्रियापद शब्दशः 'टेकू नकोस' असं आहे, काठीला किंवा भिंतीला टेकतात तसं. 'अवलंबून'ही मुळात लोंबणं-टेकणंच, पण आता ते ऑफिसच्या पत्रात गेलंय. जुनीवहींची शिडी इथे बरोबर बसते.

बोरूबहाद्दर:
मग 'भार'च म्हणा ना. स्तोत्र ५५मध्ये आहेच, 'तू आपला भार परमेश्वरावर टाक'. आणि तुकोबांचं 'देवावरी भार घालूनियां' कोणाला शिकवावं लागत नाही. बघा, शुद्ध मराठी मिळाली की नाही.

जुनीवही:
शुद्ध मराठी म्हणता आणि 'भार' संस्कृत 😄

आमच्याकडे 'देवावर हवाला' म्हणायचे, तो तर अरबीतून आलेला. 'हवाला ठेवून निजलो' असं आजी म्हणायची. आता हवाला म्हटलं की पैशांच्या बॅगा डोळ्यासमोर येतात, शब्द वाया गेला बिचारा.

आजीचं बायबल माझ्याकडे आहे, त्या पातळ, मागची अक्षरं दिसणाऱ्या कागदाचं. दर १ जानेवारीला ती उत्पत्तीपासून, म्हणजे पहिल्या पुस्तकापासून, सुरू करायची आणि जिथे पोचेल तिथे समासात पेन्सिलने तारीख घालायची. उत्पत्तीच्या पहिल्या पानावर १९ तारखा आहेत, मोजल्यात मी. दुसऱ्या, निर्गमच्या शेवटाला ११. तिसरं, लेवीय संपतं तिथे दोन. पुढच्या पुस्तकांचे समास कोरे. पण नीतिसूत्रे ३च्या बाजूला तारखांची एवढी गर्दी आहे की काही आडव्या लिहिल्यात, आणि त्यातली एकही जानेवारीतली नाही. जून, सप्टेंबर, एकदा एकाच आठवड्यात तीन. 'भाव'खाली रेघ मारून मारून कागद फाटायला आलाय.

टिंबटिंब:
लेवीयमध्ये सगळेच बुडतात. एकूण ११८९ अध्याय, रोज तीन-सव्वातीन वाचले तर वर्षात होतात, पण त्या वेगाने जानेवारी संपता संपता तुम्ही होमबली, अन्नबली आणि चरबीचं काय करायचं यात शिरता. मी तीनदा तिथेच सोडलंय. यंदा स्तोत्रं मध्ये मध्ये घालतोय, बघू.

सहज_सुचलं:
'भाव'बद्दल कोणीच काही बोलत नाहीये. माझ्या मुलीने तेच वचन वाचून विचारलं, "देवावर भाव ठेव म्हणजे किती रुपये?" भाव खाणे, भाव देणे, पडेल भाव, यात तो जुना 'भाव तेथे देव' पार हरवला. आठ वर्षांच्या पोरीला कसं समजवायचं?

काना_मात्रा:
म्हणून जुना शब्द टाकायचा? उलट मुलीला 'देव भावाचा भुकेला' सांगा, संपलं. शिवाय इब्री ११:१ बघा, 'विश्वास हा आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा'. एकाची व्याख्या दुसऱ्याने केलीय. भाषांतरकारांना दोन्ही लागले, आपण एकावर का भांडतोय?

बोरूबहाद्दर:
कारण टिपणात एकच ओळ आहे. आणि 'भरवशा' की 'भरवश्या' हेही ठरलेलं नाही इथे कोणाचं.

काना_मात्रा:
भरवशावर. मासा-माशाला, तसं. यात वाद नाही.

बोरूबहाद्दर:
वाद आहे. उच्चारात 'श्या' मी स्वतः ऐकलाय.

अर्धविराम:
सध्या कच्च्यात 'विश्वास' खोडून 'भरवसा', तो खोडून 'विसंबून राहा' आणि त्यावर प्रश्नचिन्ह असं आहे. मावशीला वरचं सगळं वाचून दाखवलं. शिडीवर हसली, टोणग्यावर जास्त हसली, मग म्हणाली, "आज नऊ तारीख ना? आणि तुम्ही अजून तिसऱ्याच अध्यायावर?"

टिंबटिंब:
टोणगा म्हणजे रेडाच ना, की रेडकू?